आवाजाला मजकुराचं लेबल

“वहिनी, मास्तर हिरवा झाला बघा. सकाळपासनं लाल लाल करून डोकं खाल्लं होतं माझं,” दस्तगीर खुर्ची मागं रेलत म्हणाला. “तुमच्याकडं सरकवलंय. नुसती नजर टाका.”

“बघते,” मी म्हटलं आणि कानाला हेडफोन लावला.

मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातला तपासणीचा प्रोग्रॅम. सांगलीत हळदीच्या गोदामांच्या ओळीला लागून एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. जगभरच्या संशोधन-नियतकालिकांचे लेख आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांना खुणा लावायचो. हे शीर्षक, हा लेखक, हा तक्ता. खुणा लावलेला लेख एका पॅकेजमध्ये बांधून परदेशातल्या प्रकाशकाकडे जायचा आणि तिथून वेबसाइटवर चढायचा. लेखासोबत फाइली असायच्या, फोटो, आलेख, चलचित्रं. प्रत्येक फाइलीला दोन शब्दांचं लेबल लावावं लागे. आधी मोठा प्रकार, म्हणजे चित्र, आवाज, चलचित्र की मजकूर; मग त्यातला नेमका कुठला. त्या लेबलावरून वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरला कळतं, ही फाइल दाखवायची, वाजवायची की वाचायला द्यायची.

लेबल एक आणि फाइल भलतीच, असं झालं की मास्तर लाल व्हायचा. लाल पॅकेज आमच्या दारातून बाहेर पडत नसे. आणि लाल झालं की आमची रीत एकच होती. फाइलीच्या पोटात काय आहे त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. फाइल ज्या प्रकारची निघेल, तसं लेबल बदलायचं. मास्तर हिरवा, विषय संपला. हिरवं पॅकेज त्याच क्षणी आपोआप निघून जायचं. त्याच्यामागून मी नजर टाकायची, चित्र उघडतंय ना, आवाज वाजतोय ना, एवढंच.

त्या दिवशीच्या लेखात दुसरं परिशिष्ट होतं. लेखकाकडून आलेलं लेबल ‘मजकूर’ असं होतं, पण फाइल निघाली आवाजाची. नावाला पुढं फाइलीचा प्रकार सांगणारं शेपूट नव्हतं, म्हणून मास्तर लाल का होतोय ते सकाळी कुणाच्या लक्षात आलं नसावं. दस्तगीरनं रीतीप्रमाणं ‘मजकूर’ खोडून ‘आवाज’ केलं होतं.

मी फाइल वाजवली.

आधी भांड्यांचा आवाज, मग कोंबडं, मग एका शिकलेल्या बाईचा गोड आवाज, “ताई, आधी तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा. घाबरू नका, हे बाहेर कुठं जाणार नाही.”

मग दुसऱ्या एका बाईनं श्वास घेतला. थोडं थांबली. आणि तिनं नाव सांगितलं. गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजली, मग तेही हळूच घेतलं. गोळ्या घरात कुठं ठेवते ते सांगायला तिनं सुरुवात केली, तेव्हा माझा हात पुढं गेला आणि मी फाइल बंद केली.

“काय झालं? वाजंना होय?” दस्तगीरनं विचारलं.

“वाजतंय,” मी म्हटलं.

लेखाचं शीर्षक मी पुन्हा वाचलं. सासरी कळू न देता आजारावर औषध घेणाऱ्या बायकांविषयी तो लेख होता. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतल्या डॉक्टर उज्ज्वला सोनटक्के यांनी खेडोपाडी जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. लेखात एकाही बाईचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते. परिशिष्टाबद्दल लिहिलं होतं, ‘सातव्या सहभागी स्त्रीच्या मुलाखतीचा मजकूर, ओळख पटेल असे सर्व तपशील वगळून.’ सातव्या बाईबद्दल लेखाच्या पोटात एक वाक्य होतं. तिच्या आधी तिच्या जावेला याच आजारावरून त्या घरानं बाहेर काढलं होतं.

मी हेडफोन काढून ठेवला.

“दस्तगीर, हे कधी गेलं?”

“मघाच गेलं की. हिरवं झालं की ते थांबतंय व्हय आपल्यासाठी?”

“तिकडं वर कधी चढणार?”

“तिकडची दुपार झाली की. म्हणजे आपली संध्याकाळ. का वो? तोंड का असं झालंय तुमचं?”

मी उठले आणि आमच्या ऑफिसचे प्रमुख घोरपडे सर, त्यांच्या केबिनकडे गेले.

थोडं माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी जैन आहे. लग्नानंतर आमच्या साध्वी माताजींकडून श्राविकेची, म्हणजे गृहस्थ बाईची व्रतं घेतली आणि रोज सकाळी देवळात दिवसभराचे नियम घेते, आज तूप किंवा मीठ असा एखादा रस सोडला, आज या वेशीबाहेर जायचं नाही, असे. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेत नाही. म्हणून थंडीच्या दिवसात संध्याकाळचा डबा ऑफिसातच खायची. ऊन पश्चिमेच्या खिडकीतून माझ्या टेबलावर आलं की डबा उघडायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. मोठ्यानं बोलायची सवय नाही. ऑफिसात म्हणायचे, मगदूम वहिनी बोलल्या की पंखा बंद करावा लागतो.

आणि सत्याचं व्रत देताना माताजींनी एक गोष्ट मला दोनदा सांगितली होती. खोटं बोलू नकोस एवढंच हे व्रत नाही, बाळ. दुसऱ्याचं गुपित उघड करणं हासुद्धा त्यातला दोष आहे. त्याला रहोभ्याख्यान म्हणतात. आणि ज्या खऱ्यानं कुणाचा घात होईल, ते खरंही श्रावकानं बोलू नये.

घोरपडे सर फोनवर होते. मी उभी राहिले. एरवी त्यांचा फोन संपेपर्यंत थांबले असते. त्या दिवशी म्हटलं, “सर, फोन ठेवा.”

त्यांनी खरंच ठेवला. बहुधा दचकूनच.

“ते परिशिष्ट माघारी घ्यायला पाहिजे.”

“लेबल चुकलंय?”

“नाही. बरोबर आहे.”

“फाइल खराब आहे?”

“चांगली आहे.”

“मग माघारी काय म्हणून घेऊ? त्यांच्या यादीत कारण निवडावं लागतं वहिनी. लेबल चुकलं, फाइल उघडत नाही, चित्र धूसर. यातलं काय निवडू?”

“त्यात एका बाईचं नाव आहे, सर. घर, गाव सगळं. लिहून, नावं काढून द्यायचं होतं, त्याऐवजी मूळ रेकॉर्डिंगच चढलंय.”

 सरांनी हात पुढं केला. “आणा इकडं हेडफोन. ऐकू दे काय आहे ते.”

“नको.”

“नको म्हणजे?”

“तुम्ही ऐकू नका. मी ऐकलं तेच फार झालं.”

“अहो, ऐकल्याशिवाय मी कसं ठरवू? वर काय सांगू, मगदूम वहिनी म्हणाल्या म्हणून?”

“तसंच सांगा.”

दस्तगीर दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “सर, वहिनींनी आजपर्यंत सासूची चुगली केली नाही आमच्यापाशी. त्या सांगायच्या नाहीत.”

सरांना हसू आलं, पण लगेच गेलं. “मराठीत आहे ना ते? तिकडं कोण बसलंय मराठी कळणारं? चढलं तरी कुणाला काय समजणार?”

“तिकडं नाही समजणार, सर,” मी म्हटलं. “तिच्या गावात समजेल.”

पंख्याचा आवाज येत राहिला. खिडकीतलं ऊन फरशीवर पुढं सरकत होतं.

सरांनी प्रकाशकाकडच्या मार्गारेट नावाच्या बाईंना मेल टाकला. आपोआप येणारं उत्तर लगेच आलं, रजेवर आहेत, परवा येतील. दुसरा पत्ता होता, तिथून उत्तर आलं नाही. फोन लावला तर यंत्रातली बाई सांगायला लागली, आमच्या कचेरीच्या वेळा अशाअशा आहेत.

“लेखिकेला फोन करते,” मी म्हटलं.

“करायचा नसतो वहिनी, करारात नाही बसत. आपण प्रकाशकाशीच बोलायचं.”

“नंबर लेखाच्या पहिल्या पानावरच छापलाय, सर. कुणीही करू शकतं.”

सर खिडकीकडे बघायला लागले. त्याला मी परवानगी समजले.

“हां, बोला!” उज्ज्वला सोनटक्केंचा आवाज. तोच गोड आवाज.  “पेपर लागला का? मला मेल आलाय, आज संध्याकाळी ऑनलाइन येतोय म्हणून.”

“मॅडम, मी खुणा लावणाऱ्या ऑफिसातून बोलते. तुमच्या दुसऱ्या परिशिष्टात मजकूर नाही. मुलाखतीचं रेकॉर्डिंग आहे.”

“नाही हो, असं कसं होईल? लिहून काढलेलं वेगळ्या फोल्डरमध्ये...” त्या थांबल्या. कळफलकाचा आवाज आला. 

“मॅडम?”

“दोन्ही फाइलींना एकच नाव दिलं होतं मी,” त्या म्हणाल्या. आवाजातला गोडवा पार गेला होता. “त्यात ती नाव सांगते. तुम्ही ऐकलंत?”

“थांबवता येईल का तुमच्याकडून?”

“ते दोन दिवसांनी उत्तर देतात. आणि मी...” त्यांचा श्वास लागल्यासारखा झाला. “मी त्या तालुक्यातल्या आरोग्यसेविकांच्या ग्रुपवर टाकलंय सकाळी. संध्याकाळी लिंक येईल, सगळ्यांनी उघडून बघा, तुमच्याच कामाचा पेपर आहे म्हणून. बाई, त्या ग्रुपवर तिची नणंद आहे.”

मी डोळे मिटले. मनात णमोकार मंत्र सुरू झाला तो आपोआप.

“ती मला तीनदा म्हणाली होती, बाहेर जाणार नाही ना,” सोनटक्के रडत होत्या. “मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव.”

“मॅडम, लिहून काढलेली फाइल तयार ठेवा. मी बघते.” काय बघणार होते, मला तरी कुठं माहीत होतं?

फोन ठेवला तर दस्तगीर माझ्या टेबलाच्या कडेवर टेकला होता. “फाइलच काढून टाकू आणि नवं पॅकेज पाठवू. जुन्याच्या जागी नवं बसतंय की.”

सर म्हणाले, “नवीन पॅकेजमध्ये फाइल नसली तर ते आधीची तशीच ठेवतात. आणि लेखकाच्या फाइलीला आपण आतून हात लावला तर त्यांच्या मशीनला कळतं, ते पॅकेज घेतच नाही. आपल्या हातात लेबल तेवढं.”

“लेबल तर झ्याक बसलंय,” दस्तगीर कपाळावर हात मारत म्हणाला. “एरवी रोज मास्तर लाल होऊन जीव घेतोय. आज लाल राहिला असता तर तिथंच अडकलं असतं ते, माणसानं येऊन उघडेपर्यंत.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“त्यांच्याकडेही मास्तर आहे ना?” मी विचारलं.

“हाय की. आपल्यापेक्षा खडूस.”

“लेबल आणि फाइल जुळली नाही तर?”

“सगळा लेख कुलपात. त्यांच्याकडचं माणूस...” बोलता बोलता तो ताठ झाला. “वहिनी!”

“लेबल पहिल्यासारखं कर, दस्तगीर. ‘मजकूर’ लाव.”

“आवाजाला मजकूर? धडधडीत खोटं लेबल? आणि तुम्ही सांगताय?”

“लेखात मजकूर लिहिलंय ना? त्या बाईलाही, हे बाहेर कुठं जाणार नाही असंच सांगितलं होतं. लाव.”

त्यानं लावलं. मास्तर लालभडक झाला. आणि पॅकेज आमच्याच दारात अडलं. लाल पॅकेज बाहेर सोडायला सरांचा पासवर्ड लागे. माझ्या नोकरीच्या काळात तो कधी वापरलेला मी पाहिला नव्हता.

घोरपडे सर खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या कपाळावर घाम होता, डिसेंबर असून. “तुम्हाला कल्पना आहे ना, वहिनी? आपण जाणूनबुजून लाल माल पाठवला, अशी नोंद होते. पुढच्या महिन्यात करार नवा करायचाय. ही माणसं तेवढंच बघतात.”

“माझ्या नावावर टाका. त्रिशला मगदूमनं लेबल चुकवलं.”

“तुम्ही चुकवलं नाही.”

“मी बदलायला सांगितलं. ते खरंच आहे.”

“आणि करार गेला तर? ही पोरं काय करतील?”

 मी उभी राहिले. खिडकीतलं ऊन फरशीवरून माझ्या टेबलापर्यंत आलं होतं आणि डब्याच्या झाकणावर चमकत होतं. दस्तगीर एकदा डब्याकडं, एकदा सरांकडं बघत होता.

सरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. मग अचानक म्हणाले, “तिनं नवऱ्याचंही नाव घेतलंय?”

मी हेडफोन खणात ठेवला.

“बरं, नका सांगू,” ते म्हणाले. कीबोर्ड पुढं ओढला. “तिकडं बघा दोघं.”

आम्ही भिंतीकडे तोंड केलं. बटणं वाजली. पॅकेज गेलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. दस्तगीर वेबसाइटचं पान सारखं ताजं करत होता. “नाही अजून. नाही. नाही.” खाली गोदामातून हळदीची पोती उचलणाऱ्यांची हाळी यायची आणि प्रत्येक हाळीला मला वाटायचं, कुणीतरी तिलाच बोलवतंय. एकदा पानावर काहीतरी हललं.  दुसऱ्या कुणाचा तरी लेख चढला होता. फोन वाजत होता, सोनटक्केंचा, पण उचलून काय सांगायचं म्हणून मी नुसती बघत राहिले. शेवटी उचलला आणि म्हटलं, “अजून काही नाही. ठेवू नका, धरून बसा.” पलीकडून त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

मग टिंग वाजलं.

दस्तगीर वाचायला लागला, आधी मनात, मग मोठ्यानं, इंग्रजीचं मराठी करत. “दुसऱ्या परिशिष्टाची फाइल आणि लेबल जुळत नाही. लेख... लेख रोखून ठेवण्यात येत आहे!” तो उठून उभाच राहिला. “सर, नापास! नापास झालो आपण!”

घोरपडे सर केबिनच्या दारात आले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आयुष्यात पहिल्यांदा नापास होऊन बरं वाटलं,” ते म्हणाले.

सोनटक्केंचा फोन अजून चालूच होता. मीच सांगितलं, “थांबलं, मॅडम.” तेव्हा त्यांचा हुंदका फुटला. फोन तसाच धरून मी खुर्चीत बसले.

“वहिनी,” दस्तगीर हळूच म्हणाला, “डबा.”

खिडकीबाहेर आभाळ तांबडं होऊन विझलं होतं.

“राहू दे. सूर्य गेला.”

“थोडं पाणी तरी?”

“पाणीही नाही, उद्या सकाळी.”

त्यानं डबा पिशवीत घालून माझ्यापुढं ठेवला. “आमचा रोजा या वेळेला सुटतो, तुमचा या वेळेला लागतो. तुमचं आमचं गणित कधी जुळायचं नाही बघा.”

मला हसू आलं. दुपारपासून पहिल्यांदा.

पुढचे दिवस पुसण्यात गेले. मार्गारेटबाई रजेवरून आल्या, तिकडची प्रत पुसली, तसं लेखी कळवलं. आमच्या सर्व्हरवरची पुसली. राखीव साठ्यातली पुसायला मी स्वतः मागं लागले, आणि सिस्टिमवाला कंटाळून म्हणाला, “वहिनी, आता हे आणखी कुठं कुठं असणार?” खरा मजकूर लावून लेख चढला. लाल नोंदीवरून सरांना वरून बोलणी बसली. करार झाला, कसाबसा. सरांनी त्या दिवसाबद्दल मला पुन्हा कधी विचारलं नाही.

पण सिस्टिमवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. एक प्रत उरली होती. कानातलं कसं पुसणार? भांडी घासताना, सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्यावर, तो श्वास ऐकू यायचा, मग ते थांबणं, मग नाव. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या नियमांत मी एक नियम वाढवला. बाकीचे मोठ्यानं घ्यायचे, हा ओठांतल्या ओठांत. न विचारता कानावर आलं ते ओठांवर येऊ देणार नाही. मिस्टरांनी एकदा विचारलं, “शेवटी काय पुटपुटतेस?” मी म्हटलं, “आहे एक.”

काही वर्षांनी सोनटक्के सांगलीला आल्या, मुद्दाम ऑफिसात येऊन मला भेटल्या. वयानं माझ्याहून लहान निघाल्या. चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “त्या दिवशी तुम्ही किती ऐकलं होतंत? मला अजून झोप लागत नाही त्या विचारानं.”

“फाइल कुठल्या प्रकारची ते कळण्यापुरतं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पुढं विचारलं नाही. मग म्हणाल्या, “ती बरी झाली, पूर्ण. आता बायकांच्या मेळाव्यात स्वतः उभी राहून सांगते सगळं. घरचेही बसलेले असतात समोर. आता लपवायचं काही राहिलं नाही, ताई. नाव सांगू तिचं?”

“नको,” मी म्हटलं. “ते तिचं तिनं सांगू दे. मेळावा कुठं असतो ते तेवढं सांगा.”

फाल्गुनात मी गेले. एसटीनं, एकटीच. शाळेच्या पटांगणात मंडप होता. मी मागच्या सतरंजीवर बसले. दोन-तीन बायका बोलून गेल्या. मग एक उठली, हिरव्या काठाची साडी, कडेवरचं मूल शेजारणीकडे देऊन. माइक हातात घेतला. मला ती कशी दिसते ते कधीच माहीत नव्हतं, पण तिनं श्वास घेतला आणि मी ओळखलं. थोडं थांबली, तशीच.

मग तिनं नाव सांगितलं. खणखणीत आवाजात, सगळ्या मंडपाला. गाव सांगितलं. नवऱ्याचं नाव घेताना पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या माणसाकडं बोट करून हसली आणि सगळ्या बायका हसल्या.

मीही हसले. शेजारची म्हणाली, “ओळखीची हाय व्हय तुमच्या?”

“आत्ताच झाली,” मी म्हटलं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. सूर्य अजून उसाच्या फडांवर बराच वर होता. मी डबा उघडला आणि सावकाश जेवले. दुसऱ्या दिवशी देवळात नियम घेताना एक नियम कमी होता.